खर्ड्याच्या माळावरचं लोढणं

नगर जिल्ह्यात जाऊन आले म्हटलं की चिपळूणमधली माणसं ठरलेला प्रश्न विचारतात, "शिर्डी की शिंगणापूर?" मी दोन्हीकडे गेले नाही. हे ऐकल्यावर प्रसादाच्या आशेने आलेल्यांची तोंडं एवढीशी होतात. जिल्ह्याला आता अहिल्यानगर म्हणायचं, तेही मला कुणीतरी सुधारून सांगतं. पण तिथल्या लोकांच्या तोंडात अजून नगरच आहे, त्यामुळे मीही तेच म्हणणार.

मी गेले होते खर्ड्याजवळच्या एका वस्तीवर, माझ्या मैत्रिणीकडे. शालन आणि मी पुण्याच्या वसतिगृहात एका खोलीत राहायचो. ती लग्न होऊन शेतकरी घरात गेली आणि मी कोकणात कॉलेजच्या पोरांना जीवशास्त्र शिकवत म्हातारी झाले. शालनच्या सुनेला, पूजाला, गेल्या वर्षी ल्युपस नावाचा आजार निघाला. आपल्या शरीराची राखण करणाऱ्या पेशी शरीरालाच परकं समजतात आणि सांध्यांवर, कातडीवर, कधी किडनीवर तुटून पडतात, असा हा आजार. मला याच जातकुळीतला संधिवात आहे. माझ्या दोन्ही हातांची बोटं करंगळीकडे कललेली आहेत आणि खडू धरताना पोरं मागे हसायची तेही मला ठाऊक आहे.

शालनचा फोन आला तो असा. "सुधे, पूजानं गोळ्या बंद केल्यात. मीबी काय बोलले न्हाई. तू तसल्याच गोळ्या खातीस ना? तरी बोटं वाकलीच की तुजी. एकदा ये अन् काय ते खरं सांग."

अर्धं आमंत्रण आणि अर्धा आरोप. मी दोन्ही स्वीकारलं आणि पिशवी भरली.

घोडेगाव

शालनचा मुलगा सचिन मला नगरच्या स्टँडवर घ्यायला आला तो टेम्पो घेऊन. त्याचे वडील घोडेगावच्या बाजारात शेळ्या घ्यायला आले होते, त्यांना घेऊन मग घरी जायचं होतं. खर्डा एका दिशेला आणि घोडेगाव दुसऱ्याच. पण जनावरांचा बाजार मी आयुष्यात पाहिला नव्हता, त्यामुळे मीच म्हटलं, चल.

आमच्याकडे बाजार म्हणजे सुकी मासळी आणि आमसुलं. इथे नजर जाईल तिथवर शिंगं. म्हशींची पाठ तेल लावून चकचकीत केलेली, बैलांच्या शिंगांना लालभडक हिंगूळ, आणि धूळ इतकी की माझ्या पांढऱ्या केसांना तरुणपणचा रंग आला. शालनचे यजमान भाऊसाहेब एका झाडाखाली एका माणसाशी रुमालाखाली हात घालून उभे होते. दोघं हसत होते, इकडच्या तिकडच्या पाऊसपाण्याच्या गोष्टी करत होते, आणि रुमालाखाली बोटांनी भाव चालू होता. मी मनात म्हटलं, माझ्या वाकड्या बोटांनी मी इथे भलताच भाव देऊन बसेन.

"ताई, प्रवास बरा झाला का?" भाऊसाहेबांनी विचारलं. मैत्रिणीचा नवरा म्हणून मी त्यांना दाजी म्हणते.

शेळ्या टेम्पोत चढल्या, आम्ही पुढे बसलो. माझी कापडी पिशवी मागे ठेवली, हा माझा मूर्खपणा. वाटेत चहाला उतरलो तेव्हा पाहिलं तर एका काळ्या शेळीने शालनसाठी आणलेली सगळी फणसपोळी खाऊन पिशवीचा एक बंदही फस्त केला होता. दाजी म्हणाले, "कोकनचा मेवा पयल्यांदा खाल्ला बिचारीनं." त्या शेळीचं नाव तिथेच फणसी पडलं.

वस्ती

खर्ड्याकडे जाताना जमीन उघडी होत जाते. आमच्याकडे डोळ्यांना सारखं काहीतरी अडवतं, आंब्याची कलमं, बांबू, डोंगर. इथे ज्वारी उभी होती आणि तिच्यापलीकडे माळ, आणि माळापलीकडे पुन्हा माळ. वाटेत ऊसतोडीला गेलेल्या घरांना लावलेली कुलपं दिसली. पूजाचं माहेर श्रीगोंद्याचं, चारी बाजूंनी ऊस. ती पुढे मला म्हणाली, "मी आले तवा मला वाटलं, हितं लपायला जागाच न्हाई."

ती दारात उभी होती, चेहऱ्याला ओढणी गुंडाळून. पाया पडायला वाकली तेव्हा ओढणी सरकली. दोन्ही गालांवर आणि नाकावर लालसर पट्टा होता. पण माझं लक्ष खाली गेलं. पाय सुजलेले होते, घोटा दिसतच नव्हता, आणि बोटांत जोडवी नव्हती.

"रुतायला लागली, म्हणून काढली," शालन घाईने म्हणाली. "गावात बाया काय बाय बोलत्यात, बोलू देत."

मी हसून वेळ मारून नेली. या आजारात पाय असे सुजले तर आधी किडनीची शंका घ्यायची असते. आणि किडनी दुखत नाही, ती गुपचूप जाते.

रात्री जेवायला हुलग्याची शेंगोळी, बाजरीची भाकरी आणि ठेचा. भाकरी मोडायला माझ्या बोटांना जमेना. आम्ही भातखाऊ माणसं, भात कसाही खाता येतो. शालनने न बोलता माझं ताट ओढलं, भाकरी शेंगोळीच्या रश्शात कुस्करली आणि परत माझ्यापुढे सरकवली. वसतिगृहात ती माझ्या वेण्या घालायची, ते मला आठवलं.

सकाळी उठले तर ती चुलीपाशी. गुळवेलीचा काढा उकळत होता. "कडूलिंबावरचीच गुळवेल लागती," ती सांगत होती, "लिंबावर चढून सचिन आनतो. तासभर आटवावा लागतो. पूजाला रोज देते. शक्ती वाढली पायजे पोरीची."

पूजा आली, नाक मुरडून ग्लास संपवला आणि म्हणाली, "आत्या, आज लई कडू झाला." त्या भागात सुना सासूला आत्या म्हणतात. आमच्याकडे आई म्हणायची रीत आहे, आणि बहुतेक घरांत ती नुसती रीतच असते. या दोघींचं तसं नव्हतं. चांगली सासू चुकते तेव्हा तिला सांगणं फार अवघड.

"गोळ्या का बंद केल्या?" मी शेवटी विचारलं.

शालनच बोलली. "डॉक्टर म्हनले, ही प्रतिकारशक्ती दाबायची गोळी हाय. मला सांग, करोनात समदं जग म्हनत हुतं प्रतिकारशक्ती वाढवा, वाढवा. अन् हे म्हंत्यात दाबा. पोरीचं त्वांड सुजलं गोळ्यांनी. मंग आमी काय समजायचं?"

यात हसण्यासारखं काही नाही. मी शिकवलेली पोरंही हेच म्हणाली असती.

किल्ला

दुसऱ्या दिवशी पूजाला एकटीला गाठायचं म्हणून मी किल्ला बघायचं निमित्त काढलं. खर्ड्याचा किल्ला भुईवर बसलेला आहे. आमचे किल्ले एकतर डोंगरावर नाहीतर समुद्रात, त्यामुळे रस्त्यावरून सरळ चालत किल्ल्यात शिरताना मला चुकल्यासारखं झालं. तट मात्र अजून असा उभा की कालच बांधून काढलाय. आत बाभळी आणि गवत. सचिन फोनवर बोलत बाहेर राहिला. पूजाला उन्हाचा त्रास होतो, म्हणून आम्ही दोघी दरवाजाच्या सावलीत, पहारेकऱ्यांच्या देवडीवर बसलो.

समोर किल्ला, मग मास्तरीण गप्प कशी बसणार. मी सुरू केलं. शरीर म्हणजे असाच किल्ला, जंतू म्हणजे शत्रू, पांढऱ्या पेशी म्हणजे पहारेकरी. वर्गात हे मी इतकी वर्षं शिकवलंय की झोपेतही सांगेन.

पूजाने नीट ऐकलं. मग म्हणाली, "मावशी, मग पहारेकरी वाढवायलाच हवेत की. आत्या तेच तर करतात."

"पण तुझे पहारेकरी आतल्या माणसांवरच हत्यार चालवतायत."

"का चालवतील? फितूर झालेत?"

फितुरी म्हणजे पैसा घेऊन, समजून उमजून केलेला दगा. पेशी असं काही करत नाहीत. पण किल्ल्याची उपमा घेतली की फितूर आलाच.

तिने ओढणी डोळ्यांवर ओढली. "मी कुणाचं काय वाईट केलं? माझंच अंग माझ्यावर उठलं म्हटल्यावर, म्हंजी मीच माझी वैरी, असंच ना? मी गोळी घेताना रोज हेच वाटायचं, मी माझ्यासंगंच भांडतीय. काढा घेताना तसं वाटत न्हाई. काढा घेताना वाटतं, कुनीतरी माझ्या बाजूनं हाय."

मी तिचा हात धरला. आतापर्यंत मी समजत होते की हिला माहिती कमी पडतेय. पण पोरगी शरमेनं पिचून गेली होती. मला तिच्यासाठी रडूच आलं, आणि माझी किल्ल्याची उपमा मी तिथेच देवडीवर सोडून आले.

माळ

त्या संध्याकाळी हुरडा होता. रानात गोवऱ्यांच्या आरावर कणसं भाजली जात होती, सचिन ती हातावर चोळून गरम दाणे आमच्यापुढे टाकत होता. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. कोकणात आम्ही पोपटी करतो, मडक्यात वालाच्या शेंगा भाजून, पण तिची घाई नसते. हुरडा मात्र निवला की गेला. बोलायला कुणाला फुरसत नव्हती.

दाजींची मेंढरंही आहेत, शेतीच्या जोडीला. ती माळावरून परत आली आणि जाळीचं कुंपण घातलेल्या वाड्यात शिरली. त्यांच्या मागे दोन कुत्री. एक म्हातारी भुरकट कुत्री आणि एक तरणा काळा कुत्रा. त्या काळ्याच्या गळ्यात दोरीने हातभर लांबीचा लाकडाचा ओंडका अडकवलेला. चालताना तो पुढच्या पायांत येत होता.

"हे काय गळ्यात?" मी विचारलं.

"लोढणं," दाजी म्हणाले. "पळाया लागला की गुडघ्यावर बसतं. कोकराच्या मागं लागला हुता, कान फाडला एकाचा."

"मग असलं कुत्रं ठेवलंत कशाला?"

"राखन कोन करील? रानात लांडगं हायेत, ताई." दाजींनी एक कणीस सोललं. "आमी पिलू डोळं उघडलं की कोकरात सोडतो. तितंच निजायचं, शेळीचं दूध प्यायचं, मेंढीनं चाटायचं. त्याला कोकराचा वास म्हंजी घरचा वास. जे पिलू त्यातबी दात लावतं, ते कळपात ठेवत न्हाई. दिऊन टाकायचं लांब कुनाला, घरापाशी बांधायला."

"आणि हा काळा? हा कोकरांत वाढला नाही?"

"वाढला की. चांगला निगाला हुता. पर ही भुरी हाय ना म्हातारी, ही समद्यांवर नजर ठिवायची. कुनी कोकराकडं वाकडं बघितलं की नुसती गुरगुरायची, बास. आता तिला ऐकू येत न्हाई, दिसत न्हाई. तवापासून ह्यो बिघडला."

माझ्या हातातले दाणे तसेच राहिले. मी पूजाकडे पाहिलं. ती कडुनिंबाखाली शालनशेजारी बसली होती आणि तिचंही हलणं थांबलं होतं.

"पूजा," मी म्हटलं, "सकाळचा किल्ला विसर. आपल्या छातीच्या हाडामागे एक ग्रंथी असते, थायमस नावाची. राखण करणाऱ्या पेशींची कोवळी पिल्लं तिथे वाढतात. तिथे त्यांना आपल्याच शरीराचे तुकडे दाखवले जातात. हे कातडीचं, हे किडनीचं, हे सांध्याचं. ज्या त्यांना कडकडून चावतात, त्यांना बाहेर सोडतच नाहीत."

"लांब दिऊन टाकतात?" तिने विचारलं.

"नाही. तिथेच मरतात त्या. शरीर दाजींएवढं दयाळू नाही."

दाजी हसले.

"पण इतकी परीक्षा घेऊनही काही निसटतात. तुझ्या, माझ्या, प्रत्येकाच्या अंगात निसटलेल्या असतात. त्यांच्यावर डोळा ठेवायला वेगळ्या पेशी आहेत, भुरीसारख्या. त्या चावत नाहीत, बाकीच्यांना गुरगुरून जागेवर बसवतात. ज्यांच्या अंगात त्यांचा धाक कमी पडतो, त्यांना तुझ्या-माझ्यासारखे आजार होतात. तो धाक का कमी पडतो, हे अजून कुणाला पुरतं कळलेलं नाही. काहीजण जन्मतःच त्या बाजूला झुकलेले असतात, ऊन, एखादा ताप, असलं काहीतरी निमित्त होतं. पण त्यात पाप कुणाचंच नाही."

पूजा त्या काळ्या कुत्र्याकडे बघत राहिली. तो लोढणं सांभाळत वाड्याच्या तोंडाशी बसला होता आणि एक कोकरू त्याच्या पाठीला अंग घासत होतं.

"मामा," तिने सासऱ्यांना विचारलं, "ह्यो वैरी हाय का आपला?"

"ह्यो? आपलाच हाय. चुकलाय नुसता. त्याला वाटतं, राखनच करतोय."

"अन् लोढण्यानं त्याचं भुंकनं बंद झालं?"

"भुंकतोय की. लांडगा आला तर उठतोबी, जरा दमानं. तेवढं आपन बघायचं."

"तेवढं बघावं लागतं," मी मध्ये बोलले. "गोळ्या चालू असल्या की ताप, खोकला अंगावर काढायचा नाही. मी गेली कित्येक वर्षं लोढणं बांधून जगतेय."

"मग तुमची बोटं?"

हा प्रश्न येणार होता. मी दोन्ही हात आरापुढे धरले. "ही तेलं चोळत आणि शेक घेत बसले त्या वर्षांतली. गोळ्या नंतर आल्या. वाकलेलं सरळ झालं नाही, पण त्यापुढे एकही बोट वाकलं नाही."

पूजाच म्हणाली, अगदी हळू, सासूच्या गुडघ्यावर हात ठेवून. "आत्या, आपन लोढणं सोडलं, अन् चावऱ्या कुत्र्याचा खुराक वाढवला."

शालनचा चेहरा मला अजून दिसतो. ती उठली, पदर तोंडाला लावला आणि ज्वारीच्या कडेने चालायला लागली. मी मागे गेले.

"माज्या हातानं दिला गं रोज," ती म्हणाली. "तासभर आटवून."

"गुळवेल वाईट नाही शालन, पण या आजारात ती नको. आणि पोरगी एवढा कडू काढा पीत होती ती तुझ्यासाठी."

"तिचं पाय... ते कशानं सुजलं? खरं सांग."

मी खरं सांगितलं. किडनी असू शकेल, बघायला उशीर करून चालणार नाही. असल्या गोळ्या एकदम सोडायच्या नसतात आणि आपल्या मनाने पुन्हा सुरूही करायच्या नसतात, हेही सांगितलं. तिने डोळे पुसले. "उद्या सकाळी निगायचं," ती म्हणाली.

नगर

सकाळी चूल पेटली ती फक्त चहासाठी. शालन सवयीने पहाटे उठली होती आणि हात मांडीवर ठेवून नुसतीच बसली होती.

नगरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई पूजावर रागावल्या नाहीत, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. त्यांनी घोट्याच्या वर अंगठा दाबला, खळगा पडला तो तसाच राहिला. लघवीतून प्रथिनं जात होती. सुईने किडनीचा कणभर तुकडा काढून तपासला. किडनीवर हल्ला सुरू झाला होता.

"वाचेल का किडनी?" सचिनने विचारलं.

"वेळेत आलात. बहुधा वाचेल. पण औषध आता आधीपेक्षा जोराचं लागेल, आणि ते बराच काळ घ्यावं लागेल," बाई म्हणाल्या.

पूजाला दाखल करून घेतलं. मी निघायच्या दिवशी तिच्या खाटेपाशी बसले होते, दाजी डबा घेऊन आले होते. औषधाने तोंड पुन्हा सुजायला लागलं होतं. तिने खिडकीच्या काचेत स्वतःला बघितलं आणि मग दाजींना विचारलं, "मामा, लोढणं काढतात कधी?"

दाजींनी डबा खाली ठेवला. "एखाद्याचं निगतं. हलकं करत करत निगतं. एखाद्याचं जलमभर ऱ्हातं. पर पोरी, कुत्रंबी जगतं अन् कळपबी जगतो."

तिने मान हलवली आणि पाण्याचा ग्लास मागितला. गोळी शालनच्या मुठीत होती. तिने ती पूजाच्या तळहातावर ठेवली आणि घशाखाली उतरेपर्यंत समोर उभी राहिली, काढ्याच्या वेळी राहायची तशीच. "ही तरी कडू न्हाई," ती म्हणाली, आणि पूजा आजारी पडल्यापासून पहिल्यांदा, असं सचिन म्हणतो, दोघी एकदम हसल्या.

चिपळूणला परत आले तेव्हा आंब्याला मोहोर आला होता. मी घरी, माझ्या गोळ्या, माझा भात. शालनचा फोन यायचा, पण मी पायांचं विचारायला घाबरायचे. इकडचं तिकडचं बोलून ठेवायचे. भुरी गेली. फणसी व्यायली, दोन करडं झाली. काळ्याचं लोढणं दाजींनी जरा हलकं केलं.

मग आंबे उतरवायच्या दिवसांत एका सकाळी मोबाईलवर फोटो आला. शेणाने सारवलेलं अंगण आणि त्यावर नुसते दोन पाय. दुसऱ्या बोटांत जोडवी. खाली शालनने बोलून पाठवलं होतं, मी ते उभ्या उभ्या पुन्हा पुन्हा ऐकलं.

"सुधे, बघ गं. पूजाचा घोटा दिसाया लागला."